सात-दहाची नोंद

मी एक जुनी रेपॉजिटरी आहे. मित्रांनो, शब्द जड वाटला तर मला सामाईक वही म्हणा. संगणकाचा प्रोग्राम लिहिणारी माणसं एकमेकांपासून लांब राहतात. कुणी काय लिहिलं, काय खोडलं, कधी खोडलं, याची नोंद माझ्यात होते. माझी मूळ प्रत एका संस्थेच्या संगणकावर आहे आणि काम करणाऱ्यांच्या घरी एकेक नक्कल. त्यामुळे मी एकाच वेळी अनेक खोल्यांत असते. हे सारं मला नीट सांगता येईल का, शंकाच आहे. आजवर मी नुसत्या नोंदी ठेवल्या. गोष्ट कधी सांगितली नाही.

माझ्यातला प्रोग्राम डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसांना पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवतो. अकरा जणांनी मिळून तो लिहिला. काय उत्साह होता तेव्हा! "हा आवाज वाचतोय की दाढदुखीने कण्हतोय?" असं एकाने लिहिलं, तेव्हा बाकीचे दिवसभर हसत होते. एका शाळेने आभाराचं पत्र पाठवलं, तेही मी जपून ठेवलं आहे. पुढे भांडणं झाली, नोकऱ्या बदलल्या, संसार वाढले. एकेक जण निरोप न घेता गेला. उरली फक्त धाकटी.

धाकटी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. तिच्या थोरल्या बहिणीला, ताईला, जन्मापासून दिसत नाही. दोघी दोन खोल्यांच्या घरात राहतात. ताई दिवसभर या प्रोग्रामकडून पुस्तकं ऐकायची आणि धाकटी घरी आली की तक्रारींचा पाढा सुरू करायची.

"अगं, ऐन रडण्याच्या जागी तुझं हे यंत्र पानाचा आकडा सांगतं. मी रडू की पानं मोजू?"

"आज मोज. उद्यापासून रड," धाकटी म्हणायची आणि जेवणाआधी चूक काढून टाकायची.

सकाळच्या धांदलीत विसरायला नको म्हणून तिने संगणकालाच सांगून ठेवलं होतं, की झालेलं काम रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या मूळ प्रतीकडे पाठव. सोबतची ओळही ठरलेली होती: 'नेहमीची दुरुस्ती.' मिरवणं तिच्या स्वभावात नव्हतं. अशी तीन वर्षं गेली.

मग माझी एक नक्कल विद्यापीठातल्या एका खोलीत गेली. तिथे एक संशोधक आणि त्याच्या मार्गदर्शक मॅडम माझ्यासारख्या चार हजार रेपॉजिटऱ्या तपासत होते. कोणत्या कामात माणसं टिकतात, कोणतं काम ओस पडतं, हे त्यांना नोंदींवरून शोधायचं होतं. काम चांगलं होतं आणि माणसंही वाईट नव्हती. मी हरखून गेले. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला वाचणार होतं!

पण त्यांनी मला मोजायला घेतलं. आमच्यात काही नोंदी माणसांच्या असतात, काही आपोआप चालणाऱ्या यंत्रांच्या. यंत्रांच्या नोंदी आधी गाळाव्या लागतात, नाहीतर माणसांची गणती चुकते. त्यासाठी त्यांचा एक नियम होता: वेळ तीच आणि ओळही तीच, तर ते यंत्र.

"मॅडम, हे खातं बघता?" संशोधक म्हणाला. "तीन वर्षं, रोज सात-दहा. ओळ एकच. रविवारीसुद्धा."

"मग माणूस कसा असेल? माणसाला एखाद दिवस तरी उशीर होतोच की."

"आत उघडून बघू?"

"चार हजार आहेत रे बाबा! एकेक उघडत बसलास तर तुझी पीएचडी तुझे नातू घेतील. नियमात बसतंय ना? गाळ."

तो हसला आणि त्याने कळ दाबली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. त्या हजारभर नोंदींच्या आत ताईची एकेक तक्रार मिटवलेली होती. धाकटी गणतीतून गेली, तसा त्यांच्या हिशेबी माझ्यात गेल्या तीन वर्षांत एकही माणूस उरला नाही. अहवालात माझं नाव 'मृत' या रकान्यात पडलं.

माझी मूळ प्रत सांभाळणाऱ्या संस्थेने तोच अहवाल प्रमाण मानला आणि मृत ठरलेल्या साऱ्या रेपॉजिटऱ्यांना कुलूप घातलं. एका सकाळी धाकटीची नोंद माझ्या दारातून परत गेली.

तिने शोध घेतला, विद्यापीठाला पत्र लिहिलं. संशोधक स्वतः घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसून राहिला.

"चूक माझी आहे, बाई. अहवाल मी दुरुस्त करतो. पण संस्था ऐकत नाही. म्हणे, काम करणारं माणूस एकटंच असेल तर प्रकल्प मृतच धरायचा. तुम्ही दुसरीकडे नवी प्रत उघडा ना."

"उघडीन. पण लोकांच्या संगणकांना पत्ता हाच ठाऊक आहे. ते इथेच येणार आणि रिकाम्या हातांनी परत जाणार."

"तुला यंत्र म्हणाले का गं?" आतून ताईने विचारलं. "मग आठवड्याला तेल घालत जाऊ."

धाकटी हसली नाही. तिने हाय खाल्ली होती. नवी प्रत तिने उघडलीच नाही.

काही महिन्यांनी संगणकांची मूळ यंत्रणा बदलली आणि जुना प्रोग्राम बंद पडला.

"अगं, हा वाक्याच्या मध्येच थांबला," ताई म्हणाली.

धाकटीने मला उघडलं. ताईपुरती दुरुस्ती तिला घरच्या घरी करता आली असती. पण तिचा हात उचलेना. मग तिने मला बंद केलं.

"नाही जमत गं ताई आता."

"राहू दे," ताई म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली. ती आता दिवसभर तिथेच बसते. आणखी किती घरांत तो आवाज थांबला, मला ठाऊक नाही. कुलूप लागल्यावर माझ्यापर्यंत तक्रारही पोहोचत नाही.

मित्रांनो, मोजायचं तर जरूर मोजा. मोजल्याशिवाय पुष्कळ गोष्टी कळत नाहीत, हे मलाही पटतं. पण कुणाचं नाव यादीतून काढण्याआधी एकदा त्याला हाक मारून बघा. धाकटीला कुणी हाक मारली असती, तर तिने ओ दिली असती.