फेकायला चालतं, टोचायला नाही

मी लसीची कुपी बोलतेय. अंगठ्याएवढी काचेची बाटली, वर रबराचं बूच, त्यावर पत्र्याची टोपी. टोपी केव्हाच उखडली गेली. आता मी कचऱ्याच्या निळ्या डब्यात, रिकाम्या कुप्यांच्या ढिगात पडले आहे आणि माझ्या पोटात अजून औषध आहे. तुमच्याशी गोड बोलण्याची मला इच्छा नाही. पण ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यावर कुणाचा श्वासही पडू नये म्हणून तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असायची. मला भरलं, उजेडासमोर धरून तपासलं आणि थंडीत ठेवलं. थंडगार ट्रकमधून, मग बर्फाच्या डब्यातून मी सुरतला आले. एवढे लाड कशासाठी, तर माझ्यात दहा माणसांचे डोस होते. मला त्याचा गर्व होता. माझ्या आधीच्या कुप्यांसाठी लोक एकमेकांना ढकलत होते म्हणे. माझी पाळी आली तेव्हा साथीची तिसरी लाट होती, तरी लोक कंटाळले होते. मरण शेजारच्या घरात शिरलं की तुम्हाला मी आठवते. ते दोन गल्ल्या लांब गेलं की मी कोण?

सुरतच्या पांडेसरा भागात एका मंडळाच्या सभागृहात शिबिर होतं. टोचायला सुषमा सिस्टर होती, धुळ्याकडची. शिबिराचा सगळा कारभार भूपेंद्रभाईंकडे.

"सिस्टर, नई शीशी खोलो," ते म्हणाले.

"सर, सहाच माणसं बसलीत. एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते. अजून थोडे येऊ द्या."

"मेहमान आ गए हैं. फोटो लेना है."

अशी मी फोटोसाठी उघडले गेले. सहा म्हाताऱ्या माणसांना टोचून झालं, फोटो निघाले, पाहुणे चहा पिऊन गेले. माझ्यात चार डोस उरले आणि माझे तास चालू झाले.

त्या सहांतल्या शेवटच्या कलाबाई. साठी उलटलेल्या, काटक, आवाज घोगरा. तेव्हा तिसरा डोस साठीपुढच्या आजारी माणसांना आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांनाच मिळत होता. त्यांची सून नूतन दोन मास्क लावून दारातच उभी होती. आत गर्दी होती आणि गर्दीची तिला भीती होती. कारण काय, ते या दोघींच्या भांडणातूनच मला कळलं.

नूतनच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. नवरा लोटू मिलमध्ये कापड रंगवायच्या कामाला. त्याचा रक्तगट जुळला नाही, तिच्या आईला मधुमेह. जुळली ती सासू, जिच्याशी लग्नापासून एक दिवस पटलं नव्हतं. कलाबाईंनी किडनी दिली आणि त्यानंतर एक दिवस ते विसरू दिलं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी त्यांच्या अहिराणीत म्हणायच्या, "मनी किडनी लिसन बी तुले सयपाक येत नई." नूतन आतल्या आत जळायची. उपकार मानावा तर ही बाई छळते, आणि छळते म्हणावं तर तिचीच किडनी पोटात घेऊन जगायचं.

दुसऱ्याची किडनी अंगाने हाकलून देऊ नये म्हणून नूतनला रोज गोळ्या घ्याव्या लागत. त्या गोळ्या किडनी सांभाळत, पण रोगाशी लढायची ताकद मारून टाकत. लसीचे दोन डोस घेऊनही तिच्या रक्तात फारसं काही तयार झालं नव्हतं. तिसऱ्याचा उपयोग होईलच असं नक्की सांगता येत नाही, पण मिळाला तर घ्या, असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. वय मात्र चौतीस.

तिने दारातूनच चिठ्ठी दाखवली. भूपेंद्रभाईंनी ती पुरती वाचलीही नाही.

"बेन, नहीं होगा. कॉम्प्युटर नहीं लेता. साठ के ऊपर चाहिए."

"मग हे उरलेले कुणाला देणार?"

"कोई नहीं आया तो फेंक देंगे. वेस्टेज में लिखते हैं."

म्हणजे वाया गेलेल्या डोसला त्यांच्या कॉम्प्युटरात जागा होती. नूतनला नव्हती.

"फेकायला चालतं, टोचायला नाही?" नूतनने सुषमाला विचारलं. सुषमा माझ्यावर लिहिलेली उघडण्याची वेळ बघू लागली.

टोचून घेऊन बसलेला एक गृहस्थ बोलला, "दो-दो लेके भी पेट नहीं भरता इन लोगों का."

नूतनचे डोळे भरले. "आत्याबाई, चला घरी. भीक नको."

"भीक कोन मांगी ऱ्हायनं?" कलाबाई म्हणाल्या, आणि सुषमासमोरच्या टोचायच्या खुर्चीत परत जाऊन बसल्या. "साहेब, उसके पेट में मेरी किडनी है. देने को एकच थी, दे दी. ये बिगड गई तो दुसरी कहाँ से लाऊँ?"

"मासी, उठो. दूसरे लोग आएँगे."

"कोन आया? दिखाव."

कुणीच आलं नव्हतं. भूपेंद्रभाईंचा आवाज चढला. आम्हाला नियम आहेत, तुम्ही अडाणी लोक समजून घेत नाही, पोलिस बोलावीन, असं सगळं ते बोलले. कलाबाईंनीही त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मला दोघांचाही राग येत होता. माणसाचा वेळ जातो तेव्हा माणूस म्हातारा होतो. माझा जातो तेव्हा मी मातीमोल होते.

शेवटी सुषमा म्हणाली, "सर, वर विचारून तरी बघा."

"पिछले महीने एक को नोटिस आई है, मालूम है?" ते म्हणाले. घाबरलेला माणूस होता, दुष्ट नव्हता. पण घाबरलेल्या माणसाने फेकलं काय आणि दुष्टाने फेकलं काय, मी फेकलीच जाते.

त्यांनी फोन लावला. वरच्या मॅडम मीटिंगमध्ये होत्या. पुन्हा लावला, उचलला नाही. कलाबाई खुर्चीतून हलल्या नाहीत, नूतन दारातून हलली नाही. बाहेरचं ऊन भिंतीवर चढत गेलं. खूप वेळाने फोन आला.

"शीशी खुली है? डॉक्टर ने लिखके दिया है? तो दे दो ना. ऐसे और कोई हों तो उनको भी. मैं मेसेज कर देती हूँ," मॅडम म्हणाल्या. एवढंच. अडीच-तीन तासांचं भांडण पाच वाक्यांत मिटलं.

सुषमाने नूतनला आत बसवून तिच्या दंडात माझा सातवा डोस टोचला. नूतनने सासूकडे पाहिलं. "आत्याबाई, आता याचंही रोज ऐकवाल ना?"

"ऐकाडसू," कलाबाई म्हणाल्या.

"ऐकवा."

मग तिला एकदम आठवलं. पलीकडच्या गल्लीत काशीरामभाऊ होते, रक्ताच्या कॅन्सरचे. दवाखान्याच्या बाकावर दोघांची ओळख झालेली. त्यांचा फोन बंद होता.

"अजून थोडा वेळ आहे. पळत जा," सुषमा म्हणाली.

नूतनला लस घेतल्यावर बसून राहायचं होतं. गेल्या त्या कलाबाई, स्वतः नुकतीच सुई टोचून घेतलेल्या.

त्या काशीरामभाऊंना घेऊन आल्या तेव्हा सुषमा माझ्यावर लिहिलेली वेळ पुन्हा वाचत होती. काशीरामभाऊंचं अंग नुसतं हाडांचं होतं. धुतलेला शर्ट घालून आले होते, आणि एक बाही वाटेतच दंडापर्यंत दुमडली होती.

"काका, वेळ संपली," सुषमा म्हणाली. "आता ही टोचणं बरोबर नाही."

तिचं खरं होतं. नियमांपैकी हा एक नियम माझ्यासाठी होता, उघडलेलं औषध चार तासांनंतर भरवशाचं राहत नाही.

"उद्या येऊ का?"

"नई शीशी अब नहीं खुलेगी. कल शिविर नहीं है," भूपेंद्रभाई म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच आवाज सहन झाला नसावा, ते खिडकीकडे वळले.

नूतन पहिल्यांदाच त्यांच्या जवळ गेली. "साहेब, मला जो दिला तो तासभर आधी दिला असता, तर यांनाही मिळाला असता."

काशीरामभाऊंनी दुमडलेली बाही हळूहळू सोडली, मनगटाशी बटण लावलं आणि सगळ्यांना नमस्कार करून गेले.

मला या डब्यात टाकलं. लवकरच गाडी येईल, वाफेत शिजवून मला मोडतील. काचेला काच म्हणून मरायला हरकत नाही. पण माझ्यात तीन माणसांचे डोस आहेत आणि ते मी कुणालाही न देता घेऊन चालले आहे. माझ्यासाठी हळहळू नका, तुमची हळहळ मला उशिराच मिळते. पुढच्या कुपीचं बूच टोचण्याआधी तुमच्या गल्लीत कोण गोळ्यांवर जगतंय ते विचारा. फोटो नंतर काढा.