करिंथच्या फरशीवरून

तंबूबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्या तंबू शिवण्याच्या कारखान्यात होत्या. कारखाना सुटला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. प्रेषित पौल पोटासाठी तंबू करायचा, हे त्यांनी लहानपणी ख्रिस्ती देवळात ऐकलं होतं. तेव्हापासून बाकीच्या संतांपेक्षा हा त्यांना जवळचा वाटे. आपल्याच खात्यातला माणूस, म्हणायच्या. तो ज्या वाटेनं हिंडला त्या वाटेनं एकदा जाऊन यायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. निवृत्त झाल्या, पासपोर्ट काढला, आणि वर्षाच्या आत दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी बारा ते चार, डायलिसिसच्या खोलीतली तीन नंबरची खुर्ची. डाव्या हातात दोन जाड सुया, अंगावर पांघरूण, शेजारी घरघरणारं यंत्र. परदेश राहू द्या, बाजूच्या गावी राहायला जायचं तरी वार बघावा लागे.

म्हणून देवळाच्या फादरांनी सांगितलं तेव्हा त्या आधी उखडल्याच. सात मंगळवार, दुपारी दोन वाजता, पौलाच्या वाटेची यात्रा पडद्यावर. ज्यांना प्रवास झेपत नाही अशा अकरा जणांसाठी.

"फादर, जेवणाचा फोटो बघून कुणाचं पोट भरलंय का?"

"नाही भरत," फादर म्हणाले. "पण चार तास छताकडे बघून तरी कुठे भरतं?"

भाचीनं टॅबलेट आणून दिला, कानाला लावायची वायर दिली, कुठलं बटण दाबायचं ते तीनदा शिकवलं. वाट दाखवणाऱ्या बाई म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. लग्न होऊन तिकडे गेलेल्या आणि पौल जिथं राहिला त्या जुन्या करिंथ शहराच्या अवशेषांपासून सायकलच्या अंतरावर राहणाऱ्या. पहिले दोन मंगळवार त्यांनी घरातूनच नकाशे आणि छायाचित्रं दाखवली. पहिल्या मंगळवारी तंबूबाईंना डुलकी लागली. दुसऱ्या मंगळवारी घोरल्या, असं शेजारच्या खुर्चीतल्या ड्रायव्हरसाहेबांनी जाहीर केलं. ते तीस वर्षं शहराची बस चालवून आता चार नंबरच्या खुर्चीत बसलेले.

"तंबूबाई, तुमची यात्रा डेपोतून सुटली की नाही अजून?"

तिसऱ्या मंगळवारी मात्र शिक्षिकाबाई फोन हातात धरून थेट अवशेषांत उभ्या होत्या. वारा एवढा, की त्यांचा अर्धा शब्द उडून जाई. आवाज नीट यावा म्हणून तंबूबाईंनी कानातली वायर चाचपली, आणि ती निसटून खाली पडली. एक हात सुयांनी अडकलेला, दुसरा पोचेना. टॅबलेट खणखणीत बोलू लागला आणि सगळ्या खोलीत करिंथचा वारा सुटला. सिस्टर वायर उचलायला वळल्या, तर सहा नंबरच्या आजीबाई म्हणाल्या, "राहू दे गं. ऐकू दे."

पडद्यावर दगडी रस्ता होता. कडेला दुकानांच्या गाळ्यांची ओळ. कमरेइतक्या भिंती उरलेल्या, मध्ये गवत.

"अशाच एखाद्या गाळ्यात पौल काम करत असेल," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "एका तंबू करणाऱ्या नवराबायकोकडे तो दीड वर्ष राहिला. नेमका गाळा कुठला, ते कुणालाच माहीत नाही. कुणाला काही विचारायचंय?"

तंबूबाईंनी दोन मंगळवारांत तोंड उघडलं नव्हतं. आता त्या बोलल्या, आणि आपलाच आवाज त्यांना कारखान्यातल्यासारखा वाटला.

"ताई, जरा आत जा. गाळा किती पावलांचा आहे ते मोजा."

शिक्षिकाबाई आत गेल्या. "रुंदीला पाच. आत सहा, फार तर सात."

"मग आत नाही जमणार."

"काय नाही जमणार?"

"तंबूचं कापड पसरायला नाही जमणार. तुकडे आत शिवता येतील. पण मोठी जोडणी करायची तर सगळं कापड सपाट लागतं, नाहीतर शिवण तिरकी जाते. तो बाहेरच बसत असणार. रस्त्यावर."

शिक्षिकाबाई दारात थबकल्या.

"आमच्याकडेही हेच," तंबूबाई सांगू लागल्या. "कापड कारखान्याच्या अंगणात पसरायचं आणि त्यावर मांडी घालून बसायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडायचं, पाय देऊ नका हो. मग तो थांबतोच. काय करताय, कुणासाठी करताय, विचारतो. हात गुंतलेले असतात, पण तोंड मोकळं असतं ना. सगळ्या गावाची सुखदुःखं आम्ही अशी शिवता शिवता ऐकलीत. ताई, त्याला माणसं शोधत जावं लागलं नसणार. माणसं त्याच्या कापडापाशी येऊन थांबत असणार."

देवळातल्या चित्रात पौल उभा होता, लांब दाढी, हातात तलवार. मान वर करून बघावं लागे. आता तो तंबूबाईंना खाली बसलेला दिसला. अंगठ्याला घट्टा पडलेला, पाठ अवघडलेली, दातात दोरा धरून समोरच्याचं ऐकून घेणारा.

"थांबा," शिक्षिकाबाई हळू म्हणाल्या. "मी तिथंच बसते."

चित्र हललं, आकाश गेलं, दगड जवळ आले. त्यांनी फोन फरशीवर टेकवून ठेवला आणि हात बाजूला घेतला.

"फरशी कशी आहे?" तंबूबाईंनी विचारलं.

"गरम. उन्हानं तापलीय."

आता पडद्यावर फक्त रस्ता होता, मांडी घालून बसलेल्या माणसाला दिसेल तेवढाच. कुठल्याशा शाळेची सहल आली असावी. आधी पायच आले. चपला, बूट, सुटलेली नाडी, खरचटलेला गुडघा. एक जोडी पाय अगदी जवळ येऊन थबकले. एक मुलगी वाकली, आणि तिचा चेहरा पडदाभर झाला. इथं काय चाललंय, असं विचारावं तशी ती बघत राहिली.

दोन हजार वर्षं मध्ये नव्हतीच जणू. पौलानं हेच पाहिलं होतं, इथूनच, एवढ्याच उंचीवरून. थांबलेले पाय, वाकलेला चेहरा. तंबूबाईंचा डावा हात नकळत टाका घ्यायला वळला आणि यंत्र ठणाणा ओरडू लागलं.

"हात सरळ!" सिस्टर धावल्या. सुई जागेवर होती. सिस्टरनी यंत्र गप्प केलं, पण लगेच गेल्या नाहीत. खुर्चीमागे उभं राहून त्याही बघत राहिल्या.

पाय निघून गेल्यावर ड्रायव्हरसाहेबांनी घसा साफ केला. थट्टा येणार असं सगळ्यांना वाटलं.

"पुढचा मुक्काम कुठला?" त्यांनी विचारलं.

पुढच्या मंगळवारी सिस्टरनी टॅबलेट भिंतीवरच्या टीव्हीला जोडून दिला. सहाही खुर्च्या तिकडे वळवल्या गेल्या. पडद्यावरून सगळे इफिसला गेले, वादळात जहाज फुटलं त्या बेटाच्या किनाऱ्यावर गेले. शिक्षिकाबाई आता प्रत्येक ठिकाणी आधी विचारायच्या, "तंबूबाई, तुमचं काय म्हणणं?" भाची घरी म्हणाली, "मावशी, हल्ली तू मंगळवारी जेवायला बसतेस तेव्हा दमलेली दिसत नाहीस." दमणं होतंच. ते सांगायचं राहून जाई.

सातव्या मंगळवारी रोमची वाट होती. तिकडच्या एका तरुण पाद्र्यानं फोन धरला होता. झाडांमधून जाणारा सरळसोट रस्ता, मोठाले काळे दगड. कैदी म्हणून पौलाला याच रस्त्यानं शहराकडे नेलं, शिक्षिकाबाई सांगत होत्या. तो थकला होता, पुढं काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नव्हतं. पण तो येतोय हे कळल्यावर शहरातली काही माणसं कित्येक मैल चालत त्याला सामोरी आली, आणि त्यांना बघून त्याला धीर आला.

दगडांवर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या होत्या. ड्रायव्हरसाहेब पुढं झुकले. "काय रहदारी असेल हो," ते पुटपुटले. टोपी त्यांनी केव्हाच काढून मांडीवर ठेवली होती.

शेवटी शिक्षिकाबाईंनी यात्रेकरूंची यादी वाचली. अकरा जणांची नावं झाली, तरी कागद खाली ठेवला नाही.

"आणि डायलिसिसची खोली," त्यांनी वाचलं, "खुर्ची क्रमांक एक, दोन, चार, पाच आणि सहा. आणि खुर्च्यांमागे उभ्या असलेल्या सिस्टर."

सहा नंबरच्या आजींनी पांघरुणाचं टोक डोळ्यांना लावलं. तंबूबाईंनी मोकळा उजवा हात पुढं केला, आणि दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत ड्रायव्हरसाहेबांनी तो धरला. पडद्यावरचा रस्ता झाडांतून लांब लांब जात होता, आणि अजून चार वाजायला वेळ होता.