छपराच्या बदल्यात मांडलेली खुर्ची

मित्रांनो, अडगळीच्या खोलीत कोपऱ्यात उभ्या असलेल्या या जुन्या खुर्चीकडे जरा वळून पाहा. ती मीच. पाठ उंच, हातांवर कोरीव वेलबुट्टी आणि बैठकीची लाल मखमल आता उंदरांनी कुरतडलेली. पण माझी कीव करू नका. मी खूप ऐटीत दिवस काढले आहेत. तेच दिवस आठवले की आज मला तोंड लपवावेसे वाटते.

शहराच्या मुख्य चौकात एक मोठे चर्च आहे. त्याचे छप्पर गळायचे. ठिगळे लावून लावून बिशप थकले होते. अशा वेळी सरकारकडून निरोप आला, की सगळे छप्पर आम्ही नवे करून देतो. अट काहीच नाही. फक्त मंत्रीसाहेब प्रार्थनेला येतील तेव्हा त्यांच्यासाठी पुढे एक बरीशी खुर्ची असावी.

बिशपांच्या हाताखाली एक तरुण धर्मगुरू होते. सगळे त्यांना धाकटे फादर म्हणत. ते म्हणाले, "छप्पर घेऊ या, पण खुर्ची नको. देवापुढे सगळे बाकावरच बसतात."

"एका खुर्चीनं काय बिघडतं?" बिशप म्हणाले. "लोकांच्या डोक्यावर पाणी पडतंय, ते आधी बघू."

बिशप मनाने वाईट नव्हते. त्यांना खरोखरच लोकांच्या डोक्याची काळजी होती.

चर्चचे सुतारकाम एकच गृहस्थ करायचे. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांनी पुढचा बाक अर्धा कापला आणि त्याच लाकडातून मला घडवले. चौघे बसत होते तिथे आता एकाची जागा झाली. मिस्त्रींनी मात्र कामात कसर ठेवली नाही. सांधे असे बसवले, की केसही आत जाऊ नये. त्यांची बायको वारली होती. घरात एकच लेक, ती सरकारी इस्पितळात नर्स होती. रात्रपाळी उरकून ती बापाच्या दुकानात डबा द्यायला यायची आणि दमून सरळ माझ्यावर बसायची.

"अगं, मंत्र्यांची खुर्ची आहे ती," मिस्त्री म्हणायचे.

"म्हणूनच आधी बसून घेते, बाबा. नंतर कोण बसू देतंय?"

छप्पर नवे झाले, पन्हाळीकडची बाजू तेवढी पुढच्या मदतीवर राहिली. मी वेदीसमोर विराजमान झाले. मोठ्या सणाच्या रविवारी मंत्रीसाहेब येत. मग माझ्यावरची धूळ दोनदोनदा पुसली जाई. येणारेजाणारे माझ्या वेलबुट्टीचे कौतुक करीत. मला वाटे, अख्ख्या चर्चमध्ये माझ्याइतके भाग्य कोणाचे नाही.

साहेब वर्षातून मोजक्या वेळा येत. उरलेले रविवार मी रिकामीच असे. पण हळूहळू माझ्या लक्षात आले, की मी रिकामी असले तरी कोणी तरी माझ्यावर बसले आहे असे समजूनच सगळे वागत. खरे बोलला म्हणून योहानाचे डोके उडवणाऱ्या, बायबलमधल्या हेरोद राजाचा धडा आला, की वाचणारा तो भराभर उरकायचा. प्रवचनात पूर्वी भाववाढ यायची, तुरुंग यायचे, बंदरावरच्या हमालांची मजुरी यायची. आता फक्त संयम आणि क्षमा यायची. बोलणारा मध्येच माझ्याकडे पाही आणि एखादे वाक्य गिळून टाकी. पुढे पुढे तर कोणत्या गावी कोणते फादर पाठवायचे, हे ठरवतानाही बिशप विचारू लागले, "साहेबांच्या कानावर घातलंय ना?" कोणी सक्ती केली नव्हती. सगळे आपणहून चालले होते, आणि मी समोर मखमल मिरवीत उभी होते.

मग बंदरावर संप झाला. पोलिसांनी गोळीबार केला. हमालांनी दगडफेक केली, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळ्या झाडल्या, असे सरकारने सांगितले. जखमींना ज्या इस्पितळात आणले, तिथे मिस्त्रींची लेक कामावर होती. तिने एका वार्ताहराला सांगितले, की मी ज्यांच्या जखमा धुतल्या त्या सगळ्यांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिला घरातून उचलून नेले. कुठे ठेवले, ते बापालाही सांगितले नाही.

आमच्या चर्चमध्ये एक जुनी रीत होती. उपासनेच्या शेवटी आजारी, परागंदा आणि तुरुंगात असलेल्या माणसांची नावे मोठ्याने घेत आणि सगळे मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करीत. मिस्त्री शनिवारी चर्चमध्ये आले. बिशप आणि धाकटे फादर वेदीपाशीच उभे होते. मिस्त्रींनी आधारासाठी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"उद्या लेकीचं नाव घ्या," ते म्हणाले. "एवढंच मागायला आलोय."

बिशप म्हणाले, "मिस्त्री, मी आतून प्रयत्न करतोय. वरपर्यंत शब्द टाकलाय. आत्ता चारचौघांत नाव घेतलं तर ते दारसुद्धा बंद होईल."

"दार उघडं असतं तर ती एव्हाना घरी नसती का आली?"

"थोडा धीर धरा."

मिस्त्रींनी धाकट्या फादरांकडे पाहिले. फादरांनी मान खाली घातली. ज्यांनी माझ्याविरुद्ध पहिला शब्द काढला होता, तेही त्या दिवशी बोलले नाहीत.

रविवारी नावांची वेळ आली. धाकटे फादर म्हणाले, "सर्व दुःखितांसाठी आपण प्रार्थना करू या." नाव घेतले नाही. पुढच्या रविवारीही नाही. असे बरेच रविवार गेले. एकदा त्या शांततेत मागच्या बाकावरून मिस्त्रींनी स्वतःच लेकीचे नाव घेतले, मोठ्याने आणि स्पष्ट. सगळ्यांनी माना वळवल्या. आधी मिस्त्रींकडे पाहिले, मग माझ्याकडे. एकानेही त्यांच्या मागून "आमेन" म्हटले नाही. त्यानंतर मिस्त्री चर्चला यायचे बंद झाले.

त्याच सुमारास माझा मागचा पाय डुगडुगू लागला. मला दुरुस्तीला मिस्त्रींच्याच दुकानात पाठवले. मला भीती वाटली. करवत त्यांच्या हाताशी होती, आणि त्यांनी माझे दोन तुकडे केले असते तरी मी दोष दिला नसता. पण त्यांनी मला उलटे केले, जुना सरस खरवडला आणि पाय पुन्हा नीट बसवायला घेतला. तेवढ्यात धाकटे फादर आले. आत यायचे का नाही, असे करीत ते उंबऱ्यातच घुटमळले.

"मिस्त्री, मी माफी मागायला आलोय."

"माझी कशाला? माझं काय गेलं? मी घरी जेवतो, घरी झोपतो." मिस्त्रींनी मान वर केली नाही. "मागायची तर तिची मागा. आणि जिथं गप्प बसलात तिथं मागा."

फादर एक पाऊल आत आले. "ही खुर्ची तुम्ही मोडून टाकली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं."

"मोडून काय होणार? उद्या दुसरी कराल. देवापुढे तुम्ही जागा रिकामी करून दिलीत, म्हणून ही आली. लाकडावर राग काढून काय करू?"

त्यांनी मला दोष दिला नाही, मित्रांनो. दिला असता तर बरे वाटले असते.

पुढच्या मोठ्या सणाला मंत्रीसाहेब आले आणि माझ्यावर बसले. धाकट्या फादरांनी त्या दिवशी हेरोदाचा धडा निवडला होता. तो त्यांनी सावकाश, एक शब्दही न गाळता वाचला. मग नावांची वेळ आली. ते म्हणाले, "गेले कित्येक रविवार या जागेवरून एक नाव घ्यायला मी घाबरलो. माझ्या बहिणीची मी क्षमा मागतो." आणि त्यांनी मिस्त्रींच्या लेकीचे नाव घेतले. मग गोळीबारात मेलेल्यांची आणि पकडून नेलेल्यांची नावे घेतली. साहेबांच्या बोटांनी माझे हात आवळले होते, ते मला कळत होते. बाकांवरून "आमेन" आले. आधी विरळ, मग सगळ्यांचे. साहेब उठले आणि मधल्या वाटेने बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बिशपांना फोन आला. धाकट्या फादरांना दूर कुठेतरी पाठवा, नाहीतर चर्चची सगळी मदत बंद होईल. बिशपांनी फोन ठेवला आणि ते एकटेच येऊन माझ्यासमोर उभे राहिले. ते खूप म्हातारे दिसत होते. मग त्यांनी राखणदाराला हाक मारली.

"ही खुर्ची अडगळीत नेऊन टाका. आणि मिस्त्रींना विचारा, पुढचा बाक पुन्हा पुरा करून देतील का."

"आणि छप्पर, बिशपसाहेब? पन्हाळीकडची बाजू अजून राहिलीय. तिथं पाणी येणार."

"येऊ द्या. बादल्या ठेवू."

तेव्हापासून मी या खोलीत आहे. बिशप वारले. त्यांच्या जागी कोणाला नेमायचे, यात सरकारने नाक खुपसून पाहिले, पण चर्चने ऐकले नाही, असे मी दाराआडून ऐकले. मिस्त्रींची लेक सुटली, पण फार उशिरा. सरकार बदलले म्हणून सुटली. आमच्यामुळे नव्हे.

ती आली तो दिवस सांगते आणि थांबते. पाणी टपकत होते, म्हणून धाकटे फादर इथे बादल्या घ्यायला आले होते. त्यांना मदत करायला तीही आली. केस पिकले होते, एका कानाने ऐकू येत नव्हते. बादली उचलता उचलता ती सहज म्हणाली, "फादर, आत असताना कोणता वार आहे ते कळायचं नाही. पण चर्चची घंटा लांबून ऐकू यायची. ती वाजली की वाटायचं, आता माझं नाव घेत असतील. त्या एका गोष्टीवर मी तग धरला."

फादरांच्या हातातली बादली तशीच राहिली. हो म्हणून वेळ मारून नेता आली असती. तिला बरे वाटले असते.

"ताई," ते म्हणाले, "सुरुवातीला घेतलं नव्हतं. बरेच दिवस. मी घाबरलो होतो."

खोलीत पाण्याचा टपटप आवाज तेवढा येत होता. मग तिने दुसरी बादलीही उचलली. "चला, बाहेर फरशी भिजतेय," असे म्हणून ती पुढे निघाली. तिने क्षमा केली की नाही, हे मला कळले नाही. फादरांनाही कधी कळले असेल असे वाटत नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी सांगणार नाही. मखमल फाटली, ते बरेच झाले. पण तुमच्या प्रार्थनेत कोणाचे नाव घ्यायला तुम्ही कचरत असाल, कोणी पुढे बसले आहे म्हणून, तर आजच घ्या. ते माणूस कुठेतरी कान देऊन बसलेले असेल.