गळका ठरवलेला कयाक

मी एक जुना कयाक आहे, एका माणसापुरती चिंचोळी होडी. गळका नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यावर तो आळ आला होता आणि त्याची आठवण झाली की आजही माझ्या फासळ्या थरथरतात.

मित्रांनो, माझा जन्म ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान वस्तीत झाला. आमच्याकडे झाडं नाहीत. समुद्रातून वाहत आलेलं लाकूड तासून होसिआस नावाच्या शिकाऱ्याने मला बांधलं, तेही स्वतःच्या अंगाच्या मापाने. लांबी त्याच्या पसरलेल्या हातांच्या तीन वाव, बसायची जागा त्याच्या कमरेएवढी. दुसऱ्या कोणाला मी घट्ट तरी व्हायचो, नाहीतर ढगळ. त्याची बायको आबेलोने हिने त्या सांगाड्यावर सीलची ओली कातडी ताणून चढवली आणि दुहेरी टाक्याने शिवली. सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, अर्ध्यातूनच वळवायची. मग पाण्याला वाटच राहत नाही. तिच्यासारखी शिवण अख्ख्या किनाऱ्यावर कुणाची नव्हती. हे इतर बायका म्हणायच्या आणि त्यांच्याआधी आबेलोने स्वतः म्हणायची.

सात वर्षं आम्ही समुद्र गाजवला. होसिआस माझ्यात बसायचा, अंगातल्या कातडी अंगरख्याची कड माझ्या बसायच्या जागेच्या तोंडाशी करकचून बांधायचा, आणि मग तो कुठे संपतो अन् मी कुठे सुरू होतो ते मलाही कळायचं नाही. सील ओढत परतलो की मांस घरोघर जायचं. म्हाताऱ्या माझ्या नाकावरून हात फिरवायच्या. मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू?

मग तो दिवस आला. वारा अजिबात नव्हता. आभाळ आणि पाणी यांचा रंग एक झाला होता, मधली रेघसुद्धा पुसली गेली होती. कसला म्हणून आवाज नव्हता. होसिआस सीलची वाट बघत भाला धरून बसला होता. सील बिचकू नये म्हणून अशा वेळी बोटही हलवायचं नाही, ही आमची रीत. बराच वेळ गेला. अचानक त्याचे गुडघे माझ्या फासळ्यांवर थडथडू लागले.

"पाणी!" तो पुटपुटला. "आत पाणी येतंय. मांड्यांपर्यंत आलं!"

मी हादरलोच. अहो, मी आतून ठणठणीत कोरडा होतो!

"आणि हे नाक... हे लांब का होतंय?" त्याचे डोळे माझ्या टोकावर खिळले होते. "देवा, हा कुठवर लांबत चाललाय?"

मी होतो तेवढाच होतो. पण हे त्याला सांगू कसं? मला वाचा कुठे होती? तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली, पाण्यावर सुरकुती उठली आणि तो झोपेतून उठल्यासारखा दचकला. वल्हं मारत थेट किनाऱ्याला आला.

"कयाक गळतोय," त्याने आबेलोनेला सांगितलं.

ती जागच्या जागी थिजली. "काय म्हणालास? माझी शिवण? गळते?"

"आत पाणी शिरलं होतं. पाय गारठले माझे."

"पाय गारठले, तर मग मोजे कोरडे कसे रे? सगळ्यांना बोलव. आत्ताच्या आत्ता बोलव!"

तिने मला दोन दगडांवर ठेवलं आणि तोंडापर्यंत पाणी ओतलं. सगळी वस्ती खाली वाकून माझं पोट न्याहाळत होती. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पण एक थेंब पडेल तर शपथ!

"बघ! बघा रे सगळ्यांनी!" आबेलोने कमरेवर हात ठेवून गरजली. मग तिचं लक्ष नवऱ्याच्या चेहऱ्याकडे गेलं. तो बर्फासारखा पांढरा पडला होता.

"मग पाणी आलं कुठून?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून होसिआस म्हणू लागला, "खांदा दुखतोय." मला उंच मांडवावर चढवून ठेवलं आणि खालून कुत्री माझ्या कातड्याकडे बघत जिभल्या चाटू लागली. शेजाऱ्यांनी दिलेल्या मांसावर घर चालू लागलं. कुणी टोमणा मारला नाही. पण ज्या माणसाने सात वर्षं सगळ्यांना मांस वाटलं, त्याच्या घशाखाली तो घास उतरत नव्हता. शिकार सुटली की आमच्याकडे माणसाचं नावच पुसलं जातं.

बाराव्या दिवशी त्याने मला खाली काढलं. तो दिवसही तसाच, मेलेल्या वाऱ्याचा. "आज बघतोच," तो म्हणाला आणि आम्ही निघालो.

किनाऱ्यावर त्याचा मामा बसला होता. गेर्तमामा एके काळचा मोठा शिकारी, पण खांदा दुखतो म्हणून नऊ वर्षं समुद्रावर गेला नव्हता. त्याने डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे बघितलं. बघता बघता त्याच्या लक्षात आलं की भाच्याचं वल्हं हलायचं थांबलंय.

इकडे होसिआसला मी डावीकडे कलंडताना दिसत होतो. मी सरळ होतो हो! पण तो मला सावरायला उजवीकडे झुकू लागला, झुकतच गेला, आणि माझी कड खरोखरच पाण्याला टेकली. आता संपलं, असं मला वाटलं.

टक! टक! टक!

माझ्या नाकावर वल्ह्याचे टोले पडले. गेर्तमामा! नऊ वर्षांनी! दुसऱ्याच कुणाच्या तरी घट्ट कयाकात कसाबसा कोंबून बसलेला! त्याने आपलं वल्हं आम्हा दोन्ही कयाकांवर आडवं टाकलं आणि मला सरळ धरलं.

"माझ्या तोंडाकडे बघ. पाण्याकडे बघू नकोस," तो म्हणाला.

"मामा, हा बुडतोय..."

"बुडत नाही. माझाही बुडत नव्हता."

"तुझा?" होसिआसने मान वर केली.

"माझा खांदा कधीच दुखला नाही रे, पोरा."

मित्रांनो, बुडण्याच्या भीतीनेही मी एवढा हादरलो नव्हतो. नऊ वर्षं! किनाऱ्यावर परतल्यावर मामाने सगळ्यांदेखत तो शब्द उच्चारला: नांगिआर्नेक, म्हणजे कयाकातली भीती. आमच्याकडे तो शब्द कुणी तोंडावर आणत नाही. मग मागून एक जण म्हणाला, "माझाही खांदा दुखत नाही." पाठोपाठ आणखी एक बोलला. शेवटी हिशेब लागला तो असा, की वस्तीत चार खांदे दुखत होते आणि चारही धडधाकट होते.

आबेलोने रडत रडत ओरडली, "अरे गाढवांनो, आधी बोलला असता तर?"

तेव्हापासून संथ पाण्यावर कुणी एकट्याने जायचं नाही असं ठरलं. दोघांनी जायचं, आणि एक जण फार वेळ स्तब्ध दिसला, की दुसऱ्याने त्याच्या कयाकाच्या नाकावर टकटक करायची. सील पळाला तर पळाला. होसिआसने नंतर एकवीस वर्षं शिकार केली.

आता मी दूरच्या शहरात, एका संग्रहालयात आहे. भिंत पांढरी, उजेड पांढरा, वारा नाही. एक बाई मुलांना सांगत होत्या, "डोळ्यांना आणि कानांना बराच वेळ सगळं एकसारखंच मिळालं, की मेंदूला ते पुरत नाही. मग तो स्वतःच्या आतली कुजबुज मोठी करतो आणि ती बाहेर दिसायला लागते. त्यात वेडही नाही आणि भित्रेपणाही नाही." माझ्या होसिआसला हे ऐकायला मिळायला हवं होतं!

तुमच्यापैकी कुणाचा खांदा विनाकारण दुखत असेल, तर त्याला पुन्हा एकदा नीट विचारा. एवढंच सांगायचं होतं. पण आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला मला लाज वाटते. हल्ली ही भिंत लांबत चालली आहे. माझ्या वाळक्या फासळ्यांत गार पाणी चढतंय. मी गळका नाही, मला ठाऊक आहे, तरी चढतंय. माझ्यापुढे 'हात लावू नये' अशी पाटी आहे. मित्रांनो, तिच्याकडे बघू नका. कुणीतरी या, आणि माझ्या नाकावर एकदा टकटक करा.