नावावर खेळलेला सामना

आमच्या उदगीरच्या कबड्डी मंडळाच्या मैदानात शिरलं की डाव्या हाताला काळ्या दगडाचा गौरव फलक आहे. त्यावर अकरा नावं कोरलेली आहेत. चौथं नाव माझं : शेषेराव बिरादार, डावा कोपरा. दरवर्षी फार तर एक नाव वाढतं, एखाद्या वर्षी तेही नाही, आणि वाढवायचं की नाही हे तिघांची समिती ठरवते. गेली सहा वर्षं त्या तिघांत मी आहे. या सहा वर्षांत मी पाच अर्ज परत पाठवले. लोक मला खडूस म्हणतात. शिरूर अनंतपाळला अठ्ठावीस वर्षं खेळाचा मास्तर होतो, तिथंही हेच म्हणायचे, त्यामुळे त्याचं मला नवल नाही.

नियम साधे आहेत. गुणपत्रिकेवर नाव असलेले जिल्हा पातळीचे पन्नास सामने हवेत. तेवढे नसतील तर जिल्हा पातळीच्या स्पर्धेत उत्कृष्ट खेळाडूचं प्रमाणपत्र हवं. शिवाय वर्तन स्वच्छ हवं. माझे सामने चव्वेचाळीस. मी फलकावर आलो ते प्रमाणपत्राच्या वाटेनं. किल्लारीची स्पर्धा, जानेवारी एकोणीसशे नव्वद, अंतिम सामन्यात नऊ पकडी, उत्कृष्ट पकडपटू.

यंदा अर्ज आला निजामोद्दीनचा. किल्ल्याच्या वाटेवर त्याचं गादीघर आहे, बापापासूनचं. अर्ज त्यानं केलाच नव्हता. त्याची मुलगी अर्शी नांदेडला शाळेत शिकवते. तिनं जुनी कात्रणं, फोटो, मिळतील त्या गुणपत्रिका जमवल्या, फाइल केली आणि बापाला न विचारता मंडळात आणून दिली.

आमची बैठक श्रीमंतच्या आडतीवर होते. फलकाचा दगड त्यानं दिला, म्हणून तो समितीत. तिसरी उज्वला. ती स्वतः राज्याकडून खेळलेली, आता मंडळाची सचिव. हिशेबाला पक्की. सोयाबीनच्या कट्ट्यांमागं टेबल मांडून आम्ही बसलो.

"एकतीस सामने," उज्वला म्हणाली. "सगळ्या पत्रिका मी तपासल्या, सर. प्रमाणपत्र एकही नाही."

"मी बघितलंय की त्याला," श्रीमंत म्हणाला. "घोट्याला एकदा हात लागला की संपलं. अख्ख्या जिल्ह्यात असा कोपरा झाला न्हाई. शेषेराव सर, तुम्ही नाराज होऊ नका."

"बघितलेलं लिहिता येत नाही, श्रीमंतभाऊ. कागद पाहिजे," उज्वला म्हणाली.

"नियम तो नियम," मी म्हणालो. उज्वलानं मान हलवली. मी बरोबर असल्यासारखा दिसत होतो.

त्या दोघांना जे सांगितलं नाही ते इथं सांगतो. किल्लारीच्या त्या अंतिम सामन्यात मी नव्हतो. आदल्या दिवशी सरावात माझा पाय मुरगळला होता आणि मी आमच्या खेड्यात, घरी खाटेवर पडून होतो. ती स्पर्धा जिल्हाभरातल्या खेड्यांच्या संघांची. संघात सगळी त्याच गावची पोरं पाहिजेत, नावांची यादी सरपंचाच्या सहीनं महिनाभर आधी द्यायची. यादीवर फोटो नसायचा. माझ्या जागी आमच्या कप्तानानं उदगीरहून निजामोद्दीनला जीपमध्ये घालून नेलं आणि मैदानात उभं केलं, शेषेराव बिरादार म्हणून. आमच्या भागात याला नावावर खेळणं म्हणायचे. सगळेच संघ करायचे, त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं. खेळणाऱ्याला पोटभर जिलेबी मिळायची आणि ज्याच्या नावावर खेळला त्याला सामना मिळायचा.

त्या दिवशी मला नऊ पकडी मिळाल्या. संध्याकाळी पोरांनी प्रमाणपत्र घरी आणून दिलं. त्यावर माझंच नाव होतं, ते दुसऱ्या कुणाला देणार? मी घेतलं, काच लावली, भिंतीवर टांगलं. फलक झाला तेव्हा मंडळानं कागद मागितले, मी काढून दिले. तोवर इतकी वर्षं ते भिंतीवर होतं की कधी कधी मलाही त्या पकडी आठवायच्या.

उज्वला म्हणाली, "नाही म्हणण्याआधी त्यांना एकदा बोलावून विचारू. कागद राहूनही गेलेले असतात."

दोन दिवसांनी निजामोद्दीन आला. दाढीत कापूस तसाच. त्याला या फाइलीची लाज वाटत होती हे दिसत होतं. खुर्चीच्या कडेवर बसला.

"चाचा, या एकतीसशिवाय आणखी कुठं खेळलात?" उज्वलानं विचारलं.

"खेळलो की. लई ठिकाणी. पण ते कागदावर न्हाईत."

"का?"

"नावावर खेळलो ना बाई. आज याच्या, उद्या त्याच्या."

"कुणाकुणाच्या? ते लोक लिहून देत असतील तर विचार करता येईल."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. समोरच्या वजनकाट्याकडं बघत म्हणाला, "ज्याच्या नावावर खेळलो त्याचा तो सामना. त्यानं सांगावं, मी न्हाई सांगत. असंच असतंय ते."

खरं आहे, तसंच असायचं. नावावर खेळलेला माणूस तोंड उघडत नसे. मला त्याचा राग आला. एकदा बोट दाखवलं असतं तर मी आरडाओरडा केला असता, नाकारलं असतं किंवा कबूल केलं असतं, काहीतरी झालं असतं. त्यानं सगळं माझ्या पदरात टाकलं आणि "येतो" म्हणून दुकानाकडं गेला. पुढच्या सोमवारी निकाल द्यायचा ठरला.

घरी सिंधु, माझी बायको, तूर निवडत होती. मी बैठकीचं सांगितलं. तिनं सुपातली नजर वर केली नाही.

"त्या दिवशी तुमचा पाय माझ्या मांडीवर होता," ती म्हणाली. "मी आंबेहळद लावत बसले होते. लग्नाला वर्षबी झालं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"अन् रात्री बाया म्हणल्या, तुझा नवरा किल्लारीत लई भारी खेळला म्हणं. मी काही बोलले न्हाई. मला बरं वाटलं. पोरांनी आणलेली जिलेबी मीबी खाल्लीच की."

तिनं मला दोष दिला असता तर भांडता आलं असतं. आमचं लग्न पस्तीस वर्षं टिकलं त्याचं कारण ती वेळेवर भांडत नाही, आणि आज त्याचाच मला त्रास झाला.

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. उदगीरमध्ये मला ओळखतात ते त्या फलकामुळं. मैदानावरची पोरं वाकून नमस्कार करतात. नात पुनम सुट्टीत लातूरहून आली की फलकावरच्या अक्षरांतून बोट फिरवून माझं नाव वाचते. ते नाव गेलं तर उरतो पेन्शनवर बसलेला एक खडूस मास्तर. पण निजामोद्दीनचं "त्यानं सांगावं" डोक्यातून जाईना. पाच जणांना मी नियम दाखवून परत पाठवलं होतं, त्यांतल्या एकानं तर माझ्यासमोर रडून घेतलं होतं.

शेवटी मी मनाशी सौदा केला. मी खरं सांगतो, माझं नाव खाली येईल, किल्लारीचं प्रमाणपत्र निजामोद्दीनच्या खात्यात जाईल आणि तो त्यावर फलकावर चढेल. एक नाव उतरेल, एक चढेल. हे ठरल्यावर मला चांगली झोप लागली. स्वतःबद्दल जरा बरंही वाटलं, तेही सांगून टाकतो.

सोमवारी प्रमाणपत्र भिंतीवरून काढलं, पिशवीत घातलं आणि आडतीवर नेऊन टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं. श्रीमंतचा चहा तसाच राहिला. उज्वलानं प्रमाणपत्र दोनदा वाचलं.

"सर, हे लिहून द्याल?"

"देतो."

तिथंच बसून लिहिलं. तारीख घातली, सही केली. तिनं कागद घेतला, मग नियमांची प्रत काढली आणि बराच वेळ तिच्यावर बोट ठेवून बसली.

"माझं नाव उतरवा, निजामोद्दीनचं लावा," मी म्हणालो. "दगडवाल्याला मीच सांगतो."

"सर, नाही लावता येणार."

"का?"

"वर्तनाच्या कलमाखाली उपकलम आहे. दुसऱ्याच्या नावाने खेळलेला किंवा दुसऱ्याला आपल्या नावाने खेळू दिलेला खेळाडू कायमचा अपात्र. यात तुम्हीही येता आणि निजामचाचाही. त्या दिवशी चाचा नावावर खेळल्याचं बोलले तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं."

"हे कुणी घातलं?" मी तावातावानं विचारलं.

तिनं प्रत माझ्याकडं फिरवली. "तुम्हीच, सर. दोन हजार एकोणीसला."

मला आठवलं. त्या साली तीन पोरं भावाच्या आधार कार्डावर खेळताना सापडली होती. मी भरसभेत तासभर बोललो होतो. खेळात नाव म्हणजे काय, घाम म्हणजे काय. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि उपकलम एकमतानं मंजूर झालं होतं. ते बोलताना किल्लारी माझ्या डोक्यात होती की नव्हती? होती. म्हणूनच तर इतक्या जोरात बोललो.

"बदलून टाकू की नियम," श्रीमंत म्हणाला. "तिघंच तर आहोत."

"मग त्या तीन पोरांना काय सांगायचं?" उज्वलानं विचारलं. तिचे डोळे भरले होते, पण पेन चालू होतं. तिनं लिहिलं : अर्ज नामंजूर. चौथे नाव रद्द. मी सही केली. समितीचा राजीनामाही त्याच टेबलावर लिहिला.

तिथून सरळ गादीघरात गेलो. निजामोद्दीन गादीला टाके घालत होता. लांब दाभण कापसातून आरपार जायचं, परत वर यायचं. मी उभ्या उभ्या सांगितलं.

"म्हाईत होतं मला," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तू तो नियम फलकाच्या बाजूलाच चिकटवलायस की. मी रोज नमाजहून येताना वाचतो. मी तुझं नाव घेतलं असतं तर तुझं गेलं असतं अन् माझंबी आलं नसतं. म्हणून गप बसलो. पोरगीला म्हणलं, फाइल परत आण, तर ती ऐकंना."

"म्हणजे मी उगीच बोललो."

त्यानं दाभण गादीत खोचून ठेवलं. "उगीच न्हाई," म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, "शेषेराव, पस्तीस वर्षं झाली, त्या दिवशीचं मी घरात कुणाला सांगितलं न्हाई. अर्शीच्या आईलाबी न्हाई. शेवटची पकड धरली तेव्हा सगळी किल्लारी उठून तुझं नाव ओरडत होती. मी हात वर केला. मला समजंना, हसावं का काय करावं."

मला रडू आलं. गादीघरात कापूस नाकातोंडात जातो, म्हणून गिऱ्हाइकं तशीही डोळे पुसतच असतात, तेवढं बरं झालं.

"मला काय पाहिजे सांगू?" तो म्हणाला. "तो कागद दे. किल्लारीचा. आता तुझ्या काय कामाचा न्हाई."

"त्यावर माझं नाव आहे, निजाम."

"असू दे."

पिशवीतच होतं. मी काढून दिलं. त्यानं बनियनला हात पुसून ते घेतलं.

पुढच्या आठवड्यात दगडवाल्यानं चौथं नाव काळ्या मसाल्यानं बुजवलं. लांबून काही दिसत नाही, जवळ गेलं की अक्षरं कळतात. मैदानावरची पोरं अजून नमस्कार करतात, काही करत नाहीत. अर्शी फोनवर माझ्याशी दोन वाक्यं बोलली, दोन्ही कडक होती, आणि दोन्ही बरोबर होती. पुनमला मीच फलकापाशी नेऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, मग बाकीचे त्रेचाळीस तरी तुमचेच ना?" मी म्हणालो, हो, ते माझेच.

दिवाळीआधी सिंधुनं जुनी गादी पिंजून घ्यायला पाठवलं. मी गादीघरात बाकड्यावर बसलो होतो. निजामोद्दीनच्या डोक्यावर, भिंतीवर, प्रमाणपत्र लावलेलं होतं. काच नवी होती. देवणीकडचा एक माणूस लेकीच्या लग्नाच्या गाद्या बघायला आला होता. त्यानं मान वर करून सावकाश वाचलं : उत्कृष्ट पकडपटू, शेषेराव बिरादार.

"कोण हो हे?" त्यानं विचारलं. "लई मोठा खेळाडू दिसतोय."

"मीच की," निजामोद्दीन म्हणाला. दाभण थांबलं नाही.

माणसानं त्याच्या दाढीकडं, डोक्यावरच्या टोपीकडं बघितलं, मग खरंखोटं करायला माझ्याकडं वळला.

"हाव," मी म्हणालो. "हेच शेषेराव. किल्लारीत नऊ पकडी केल्या यांनी."