ब्याऐंशी

सिस्टरला एक वाक्य तीन वर्षं तोंडपाठ होतं. ‘धीर सुटला, स्वतःच्या मर्जीने रांग सोडून मागे फिरला.’ ते तिच्या थोरल्या भावाबद्दल लिहिलेलं होतं, मोहिमेच्या नोंदवहीत, ‘परतण्याचे कारण’ या रकान्यात. आणि लिहिणारा माणूस आता तिच्या पुढे चार पावलांवर शीळ घालत दरी चढत होता.

त्याला सगळे कप्तान म्हणत. आठ दिवसांची ही वाट, दोन दऱ्या आणि त्यांच्यामधली ती उंच खिंड, त्याने चोवीस वेळा पार केली होती. ही पंचविसावी. ‘पंचविसावी खिंड’ असं रंगवलेला एक फलक त्याने स्वतःच करून घेतला होता आणि तो आचाऱ्याच्या पिशवीत कोंबला होता. वर पोचल्यावर इतरांनी आपण होऊन तो काढायचा आणि त्याने ‘अरे, हे काय’ म्हणायचं, असं ठरलेलं होतं. माणूस असा हौशी.

दादा त्याच्या तुकडीत शेपटी होता. शेपटी म्हणजे रांगेतला शेवटचा माणूस. त्याच्या मागे कोणी उरता कामा नये, आणि तो आला की तुकडी पूर्ण आली असं धरायचं. बारा वर्षांत दादाने एकदाही रांग सोडली नव्हती. तीन वर्षांपूर्वी खिंड उतरताना कप्तानाच्या लक्षात आलं की कॅमेऱ्याची तिपाई वरच राहिली. वारा सुटला होता. तरी त्याने दादाला परत पाठवलं. दादा दुसऱ्या दिवशी दुपारी तळावर आला तेव्हा तिपाई खांद्यावर होती, पण डाव्या पायाची पाचही बोटं आणि उजव्याची दोन काळी पडली होती. ती काढावी लागली.

वहीत तिपाईचा उल्लेख नव्हता. पायथ्याच्या भांडारात एक पद्धत होती, अजूनही आहे. मोहीम अर्धवट सोडून आलेल्या माणसाने खिडकीशी सामान जमा करायचं, भांडारवाल्याने चिठ्ठीवरचं कारण मोठ्याने वाचायचं, आणि त्या माणसाने ‘मान्य’ म्हणून सही करायची. दादाला खुर्चीवर बसवून खिडकीशी आणलं होतं. कप्तान त्याच्या कानाशी लागला, “मान्य म्हण, तुला इथेच चिकटवतो.” दादा मान्य म्हणाला. वाटाड्याचा परवाना गेला आणि त्याच खिडकीच्या आतल्या बाजूला त्याला बसवलं गेलं, दोर आणि बूट द्यायला. कप्तान हे विसरूनही गेला होता. सिस्टर विसरली नव्हती. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, आणि हाताखालच्या माणसांची नाती विचारण्याइतका वेळ कप्तानाला कधीच नव्हता. ती रीतसर अर्ज करून त्याच्या तुकडीत शिरली.

तिचं काम तब्येती बघण्याचं. तळावर पोचलं की प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लावायचा. चिमट्याच्या काचेवर आकडा येतो, रक्तात प्राणवायू किती आहे त्याचा. तो वहीत लिहायचा. सत्तरच्या खाली गेला की माणूस वर जात नाही, मग तो कोणीही असो. हा नियम कप्तानानेच केलेला. दादाच्या प्रकारानंतर त्याला नियमांचं फार प्रेम आलं होतं. पानांना छापील क्रमांक, प्रत्येक नोंदीखाली ज्याची त्याची सही, प्रत्येक पानाखाली कार्बन, आणि मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘खाडाखोड चालणार नाही’.

चिमट्याला फसवता येतं हे सगळ्यांना माहीत असतं. तुकडीत एक दंतवैद्य होता, तो तर तपासणीआधी पाच मिनिटं बोट काखेत धरून बसायचा, शहाणा. बोट गार असेल तर आकडा खोटा खाली येतो. सिस्टरचा बेत त्यावरच बेतलेला होता. वरच्या तळावर पोचलं की कप्तान सगळ्यांसमोर ओढ्याच्या बर्फगार पाण्याने हात-तोंड धुतो, आपण किती टणक आहोत ते दाखवायला. नेमका तेव्हाच चिमटा लावायचा. खिंड डोळ्यांसमोर, फलक पिशवीत, आणि पंचविसावी खिंड एका दिवसावरून परत.

चार दिवस तिने गुण्यागोविंदाने काम केलं. फोड बांधले, गोळ्या दिल्या, कप्तानाच्या विनोदांना हसलीसुद्धा. आतून तिचा जीव नुसता जळत होता. पाचव्या दिवशी शीळ थांबली. सिस्टरला वाटलं, चढ आहे, दम लागला असेल. मग खोकला ऐकू आला, कोरडा, दोन-दोन पावलांवर. कप्तान मुद्दाम मागे राहून फोटो काढत असल्याचं दाखवत होता, आणि फोटो तर काढत नव्हता.

वरच्या तळावर ते दुपारी अडीचला पोचले. खेचरं पुढे चढत नाहीत. ओझी उतरवून तासाभरात ती खालच्या तळाला परत निघतात, म्हणजे अंधाराआधी पोचतात. खेचरवाला दोऱ्या सोडत होता. कप्तानाने ठरल्याप्रमाणे ओढ्यात हात घातले, पण या वेळी कोणाला हाका मारल्या नाहीत. सिस्टर चिमटा घेऊन त्याच्या तंबूत शिरली.

सहासष्ट.

तिला हसू फुटायचंच बाकी होतं. “कप्तान, सहासष्ट.”

“हात गार आहेत, सिस्टर,” तो म्हणाला. “तुम्हाला एवढंही कळत नाही? गरम करून घ्या.”

हातच गार म्हटल्यावर तिला नाही म्हणता येईना. तिने सुपाचा गरम पेला त्याच्या हातांत दिला आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांबली. तेवढ्या वेळात तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. ओठ निळसर. जाकिटाची बटणं एक घर चुकलेली. बसल्या जागी तो धापा टाकत होता. तिने पुन्हा चिमटा लावला.

एकसष्ट.

सिस्टरचा बेत तिथेच कोसळला. तिला खोटा आकडा हवा होता आणि हातात आला खरा. पाणी छातीत उतरायला लागलं होतं. आता हा माणूस सन्मानाने खाली जाणार. आजारी माणसाचं नाक कोण कापतं? उलट लोक म्हणतील, काय जिद्द, शेवटपर्यंत कोणाला कळू दिलं नाही. तिला रडू येईल इतका राग आला.

कप्तानाने आकडा पाहिला आणि चिमटा स्वतःच काढून टाकला. “ब्याऐंशी लिहा.”

“काय?”

“ब्याऐंशी. उद्या सकाळी चार तास, मग उतारच आहे. चोवीस वेळा गेलोय मी. हा पोरखेळ दंतवैद्याला दाखवा.”

“कप्तान, हे तुमच्या जिवावर बेतेल.”

“ते मी बघतो. तुम्हाला पुढच्या मोसमात काम हवंय ना? ब्याऐंशी.”

बाहेर खेचरांच्या घंटा वाजत होत्या. आपल्याला काहीच करायची गरज नाही, हे सिस्टरच्या अगदी स्पष्ट लक्षात आलं. तो सांगतो तो आकडा लिहायचा, वही मिटायची, खेचरं जाऊ द्यायची. उद्या दहाच्या सुमाराला खिंडीच्या अलीकडे कुठेतरी तो खाली बसला असता आणि उठला नसता. कोणी तिच्याकडे बोट दाखवलं नसतं, कारण सही त्याची. तिच्या मनात हे आलं आणि तिने ते हाकलूनही लावलं नाही. दादाचे पाय तिने स्वतः धुतले होते, तीन महिने, रोज.

पण तो मेला तर? मेला तर त्याच्या नावाने वर दगड उभारतील. फलकासकट. पंचविसाव्या चढाईत देह ठेवला म्हणतील, भाषणं होतील, आणि त्याने लिहिलेलं प्रत्येक वाक्य कायमचं खरं ठरेल. दादाबद्दलचंही. छे, एवढ्या स्वस्तात सुटायचं नाही.

तिने वही उघडली आणि ठसठशीत लिहिलं: ब्याऐंशी. पुढे केली. कप्तानाने सही केली, तीही नेहमीसारखी झोकात, खाली दोन रेघा ओढून.

“आता पिशवी भरा,” सिस्टर म्हणाली. “खेचरं निघतायत. तुम्ही त्यांच्याबरोबर खाली जायचं.”

“डोकं फिरलंय का तुमचं?”

“नाही गेलात तर मी उपकप्तानाला आणि सगळ्या तुकडीला इथे बोलावते आणि त्यांच्यासमोर चिमटा लावते. एकसष्ट दिसेल. वहीत ब्याऐंशी, खाली तुमची सही. मग परवाना राहतो की जातो ते तुम्हीच सांगा. नियम तुमचा.”

स्वतःच्या हाताने बांधलेल्या गाठीत कप्तान पुरता अडकला होता आणि ते त्याला कळायला लागलं होतं. मग तो म्हणाला, “ठीक. प्राणवायू कमी म्हणून लिहा.”

“ब्याऐंशी कमी नसतो.”

“खोडा ते.”

तिने मुखपृष्ठ त्याच्याकडे वळवलं.

“मग पोट बिघडलं म्हणून लिहा.”

“पोटाची गोळी मी तुम्हाला दिलेली नाही. गोळ्यांचा हिशेब वेगळ्या पानावर असतो, तोही तुम्हीच सुरू केला. तब्येत उत्तम, आकडा उत्तम. अशा माणसाच्या परतण्याचं कारण एकच उरतं.”

आणि तिने घाई न करता लिहिलं: धीर सुटला, स्वतःच्या मर्जीने रांग सोडून मागे फिरला.

कप्तानाने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याने पाच दिवसांत पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, नाकापासून हनुवटीपर्यंत. ती दादासारखीच दिसते, असं घरी सगळे म्हणतात.

“तू त्याची कोण?” त्याने विचारलं.

“धाकटी,” ती म्हणाली.

तिने त्याला खेचरावर बसवलं, प्राणवायूची नळी लावली आणि मफलरने झाकली. त्या पानाची कार्बन प्रत भांडारासाठी चिठ्ठी म्हणून खेचरवाल्याकडे दिली आणि सांगितलं, वाटेत कुठेही थांबायचं नाही, नळी काढायची नाही, आणि खालच्या तळावर ओठांचा रंग परतला नाही तर लगेच आणखी खाली न्यायचं. यात तिने कसलीही कुचराई केली नाही. तो जगायला हवा होता, आणि धडधाकट. दंतवैद्याने विचारलं, “कप्तान कुठे निघाले?” सिस्टर म्हणाली, “त्यांना विचारा.” कप्तानाने मफलर नाकावर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी उपकप्तानाने तुकडी खिंडीवरून नेली. वर पोचल्यावर आचाऱ्याने फलक बाहेर काढला, इकडेतिकडे बघितलं, आणि त्यावर स्टोव्ह मांडून सगळ्यांना चहा केला.

तीन दिवसांनी, पलीकडची दरी उतरून आणि गाडीने वळसा घालून, सिस्टर पायथ्याच्या भांडारात पोचली. खिडकीच्या आत दादा उंच स्टुलावर बसून दोरांची वेटोळी करत होता. त्याने तिला पाहिलं, पण वेटोळं पुरं केलं.

“आला होता?” तिने विचारलं.

“आला होता. चालत. रंग बरा होता.”

“डॉक्टरकडे गेला?”

“कसा जाईल? डॉक्टर विचारतील वर आकडा किती होता.” दादाने दोर खुंटीला अडकवला. “अगं, खरा किती होता?”

“एकसष्ट.”

दादाने मान हलवली. त्याची नजर आपल्या बुटांकडे गेली. डाव्या बुटात पुढे कापूस भरावा लागतो.

“चिठ्ठी वाचलीस?” सिस्टरने विचारलं.

“वाचली. मोठ्याने. बाहेर नव्या तुकडीचे सोळा जण बूट घालून बघत होते, सगळे गप्प झाले.”

“मग?”

“मग विचारलं, मान्य?”

“मग, दादा?”

“ऐकू आलं नाही म्हटलं,” दादा म्हणाला. “पुन्हा म्हणायला लावलं.”