सलीलचा गुलाब

आमच्या हिला, सुनंदाला, गुलाबातलं सगळं कळतं, असं तिचं स्वतःचंच मत. बहारीनच्या रिफातल्या या भाजून काढणाऱ्या उन्हात एसीचं पाणी घालून घालून तिनं इतकी वर्षं गुलाब जगवले, तेव्हा मीही कधी वाद घातला नाही.

फेब्रुवारीत आमचा जावई सलील कॅनडात विनिपेगला हार्ट अटॅकनं गेला. चाळिशीसुद्धा गाठली नाही. आमचा व्हिसा नाकारला गेला. लेक अनुष्का तिथे एकटी, आम्ही इथे, आणि मध्ये फोन. सुनंदानं काहीही विचारलं तरी पोरगी एका शब्दात उत्तर द्यायची. आईचं काळीज नुसतं तुटायचं.

एप्रिल संपताना अनुष्कानं आपणहून फोन केला.

"आई, सलीलचं रोझ बघ ना. अजून एक पान नाही. काय करू?"

सलीलनं दारापुढे लावलेला तो गुलाब थंडीत टिकणाऱ्या जातीचाच होता. बर्फात झाकायला नको, औषध नको, छाटणी नको. "माझ्यासारखाच आहे आई, कटकट नाही," म्हणायचा.

सुनंदा सरसावून बसली. लेकीनं फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा काही विचारलं होतं.

"नखानं साल खरवड. आत हिरवं आहे?"

"नाही. ब्राउन आहे."

"मग गेलं गं ते. काढून टाक. मेलेलं झाड दारात ठेवू नये."

अनुष्कानं ऐकलं. एरवी कधी ऐकते?

जूनमध्ये तिनं एक फोटो पाठवला. शेजारच्या अलिनाचं झाड, सलीलनं आपल्या गुलाबाबरोबरच त्याच नर्सरीतून तिला आणून दिलेलं. वरच्या काड्या काळ्या ठिक्कर आणि खाली मातीतून लालसर कोंब. तिकडे वरचं थंडीनं मरतं, मूळ जिवंत असतं, म्हणून जूनपर्यंत हात लावायचा नाही म्हणे. सलीलचं झाड कचऱ्याची गाडी केव्हाच घेऊन गेली होती.

सुनंदानं फोन लावला आणि बोलण्याआधीच रडायला लागली.

"इट्स ओके, आई. मीच विचारलं होतं ना."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता रोज संध्याकाळी अनुष्काचा फोन येतो. ऑफिसचं सांगते, हवेचं सांगते, हसतेसुद्धा. सुनंदा फोन कानाला घट्ट लावून वाट बघत बसते. पोरगी विचारत मात्र काही नाही.